काट्याचा प्रोग्रॅम अडकला की आधी थ्रेडची नावं पाहा

प्रति,
संपादक, वाचकांचा पत्रव्यवहार,
सोलापूर

महोदय,

गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांपुढे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या रांगा लागतात. टोकन वाचणं, वजन घेणं, पावती छापणं, शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज पाठवणं ही कामं आता एकच प्रोग्रॅम करतो. तो मधेच गप्प बसला की रांग जागची हलत नाही. पुरवठादाराला फोन लावला की ठरलेलं उत्तर येतं, "बंद करून चालू करा." तसं केलं की चालूही होतो. पण बंद करताना नेमका पुरावा पुसला जातो आणि चार दिवसांनी तोच प्रोग्रॅम त्याच जागी पुन्हा अडकतो. टॉवेल कारखान्यांची डिस्पॅच बिलं असोत, भुसार आडत असो की पतसंस्थेचा काउंटर, तऱ्हा सगळीकडे हीच.

अशा प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी बरीच कामं चालतात आणि प्रत्येक कामाला एक थ्रेड असतो. पुस्तकात थ्रेडला 'धागा' म्हणतात. यंत्रमागांच्या गावात तो शब्द शोभतोही, पण मागावर धागा तुटला तर डोळ्यांना दिसतो. इथे धागा तुटत नाही, नुसता थांबून राहतो, आणि नाव दिलेलं नसेल तर सगळे धागे एकाच रंगाचे. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी प्रत्येक थ्रेडला नाव द्यावं, आणि वापरणाऱ्यांनी बंद करण्याआधी कोण कुठे उभा आहे ते टिपून घ्यावं, यासाठी हे पत्र. आज्ञा छापताना देवनागरीत दिल्या आहेत, टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या.

समजा, काट्याचा प्रोग्रॅम सी++मध्ये लिहिलेला आहे आणि लिनक्सवर चालतो. त्यात सहा थ्रेड आहेत: वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरकडून सीरियल पोर्टवर आकडा घेणारा काटा-रीड, मग टोकन-रीड, डीबी-राइट, पावती-प्रिंट, एसएमएस-सेंड आणि मुख्य कार्यालयाशी बोलणारा सर्व्हर-सिंक. नावं दिलेलीच नसतील तर थ्रेडच्या यादीत सगळ्या ओळींवर प्रोग्रॅमचं नाव दिसतं, कारण लिनक्समध्ये नवा थ्रेड त्याला जन्म देणाऱ्या थ्रेडचं नाव घेऊनच येतो. यातून आणखी एक घोळ होतो. डीबी-राइटने मदतीला एक थ्रेड काढला आणि त्याचं नाव ठेवायचं राहिलं, तर यादीत दोन डीबी-राइट दिसतात. डेटाबेसच्या लायब्ररीने आतल्या आत काढलेले थ्रेडही असेच बापाच्या नावावर फिरतात. अर्ध्याच थ्रेडना नावं दिली तर शोधणारा हमखास चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. त्यापेक्षा अजिबात नावं नसलेली परवडली.

नाव द्यायची जागा म्हणजे थ्रेडच्या फंक्शनची पहिली ओळ. लिनक्सवर 'पीथ्रेड_सेटनेम_एनपी' हे फंक्शन वापरायचं, ते जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या २.१२ आवृत्तीपासून आहे. थ्रेड सुरू करून मग बाहेरून नाव देता येतं, पण तोवर त्या थ्रेडने लॉगमध्ये लिहिलेल्या पहिल्या काही ओळींवर बापाचंच नाव पडलेलं असतं. मॅकवर तर थ्रेडला फक्त स्वतःचंच नाव ठेवता येतं. आतूनच द्यायची सवय लावली की दोन्हीकडे तीच रचना चालते, फक्त मॅकवर या फंक्शनला एकटं नावच द्यायचं असतं, त्यामुळे ती एक ओळ वेगळी लिहावी लागते.

आता लांबीचा प्रश्न, कारण सर्वांत जास्त पाय इथेच घसरतात. लिनक्समध्ये थ्रेडच्या नावाला शेवटच्या शून्यासकट १६ बाइट मिळतात, म्हणजे हाताशी १५. नाव याहून मोठं असेल तर 'पीथ्रेड_सेटनेम_एनपी' ते छाटत नाही, सरळ नाकारतं. एरर क्रमांक ३४, म्हणजे 'ईरेंज', परत येतो आणि जुनं नाव तसंच राहतं. परत आलेली किंमत सहसा कुणी तपासत नाही, त्यामुळे कोडमध्ये नाव लिहिलेलं असतं आणि यादीत ते दिसत नाही. 'पीआरसीटीएल' हा सिस्टम कॉल वापरून नाव दिलं तर उलटी गंमत होते. ते तक्रार न करता छाटतं. कोडमध्ये रोमन लिपीत शुगरकेन-टोकन-रीडर आणि शुगरकेन-टोकन-प्रिंटर अशी दोन नावं असली, तर १५ अक्षरांनंतर दोन्हींचं 'शुगरकेन-टोकन' एवढंच उरतं. एक टोकन वाचतो, दुसरा छापतो, आणि यादीत दोघे जुळे. म्हणून वेगळेपण नावाच्या सुरुवातीला हवं, क्रमांक हवा असेल तर तोही पहिल्या १५मध्येच. प्रोग्रॅमचं नाव थ्रेडच्या नावात घालू नये, त्याने जागा वाया जाते.

आणि हे १५ बाइट आहेत, १५ अक्षरं नव्हेत. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा. 'सोलापूर' लिहायला सात चिन्हं लागतात, म्हणजे २१ बाइट. एक पद्धत ते नाकारेल, दुसरी १५ बाइटवर कापून 'सोलाप' एवढं ठेवेल. मायमराठीचं कितीही प्रेम असलं तरी लिनक्सवर थ्रेडची नावं रोमन अक्षरांत, मराठी शब्दांत द्यावीत. काटा, पावती, टोकन हे शब्द काट्यावरच्या माणसालाही कळतात आणि रोमनमध्ये आरामात मावतात.

मुख्य थ्रेडचं नाव मात्र जपून बदलावं. लिनक्समध्ये तेच प्रक्रियेचं नाव म्हणून दिसतं. समजा कुणी मुख्य थ्रेडचं नाव 'मेन-यूआय' केलं. प्रोग्रॅम बंद पडलाय का ते, प्रक्रिया नावाने शोधणाऱ्या 'पीग्रेप'ने, जुन्या नावावर पाहणाऱ्या स्क्रिप्टला आता तो सापडत नाही, ती दुसरी प्रत सुरू करते आणि दोन प्रोग्रॅम एकाच सीरियल पोर्टवर वजन ओढायला लागतात. अर्धं वजन याच्याकडे, अर्धं त्याच्याकडे. असा दोष शोधायला गेलं की दिवस जातो.

प्रोग्रॅम अडकला तर काय करायचं ते क्रमाने सांगतो. आधी प्रक्रियेचा क्रमांक घ्यायचा आणि 'टॉप -एच -पी' लावून थ्रेड पाहायचे, यातलं एच कॅपिटल. दोनपैकी एक चित्र दिसेल. एखादा थ्रेड ९९ टक्क्यांवर गरगरत असेल तर तो लूपमध्ये फसलाय. तो काटा-रीड असेल तर बहुतेक इंडिकेटरची यूएसबी वायर निसटलेली असते. अशा वेळी 'रीड' लगेच शून्य किंवा एरर परत देतं, आणि त्याचा विचार कोडमध्ये नसेल तर लूप थांबतच नाही. नाव नसतं तर पडद्यावर नुसता ४८१९ हा आकडा दिसला असता आणि सगळे डेटाबेसवर संशय घेत बसले असते. नाव असलं की काट्यावरचा माणूसच खाली वाकून वायर बघतो.

सगळे थ्रेड शून्यावर शांत असतील तर कुलुपांची गाठ बसलेली, म्हणजे दोन थ्रेड एकमेकांनी धरलेल्या कुलुपांची वाट बघत असण्याचा संभव मोठा. कुलूप म्हणजे म्युटेक्स, एका वेळी एकाच थ्रेडला धरता येणारं. मग जीडीबी, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या आत डोकावणारा डीबगर. उबंटूवर दुसऱ्या चालू प्रक्रियेला जोडायला सहसा 'सुडो' लागतं. जीडीबी जोडलं की सगळा प्रोग्रॅम थबकतो, म्हणून चालू काट्यावर गप्पा मारत बसायचं नाही. 'बॅच' पर्याय देऊन 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' ही एकच आज्ञा चालवायची (बीटी म्हणजे थ्रेड कुठल्या फंक्शनमधून कुठे आला ती साखळी), उत्तर फाइलमध्ये घ्यायचं आणि सुटायचं. प्रोग्रॅम आधीच गोठलेला असेल तर मात्र घाई नको, सावकाश बघावं.

'इन्फो थ्रेड्स' दिलं की प्रत्येक ओळीत जीडीबीचा अनुक्रमांक, मग एलडब्ल्यूपी म्हणजे लिनक्सचा थ्रेड क्रमांक, अवतरणचिन्हांत नाव आणि शेवटी तो थ्रेड ज्या फंक्शनमध्ये उभा आहे ते फंक्शन, असं दिसतं. नवखे इथे पहिली चूक करतात. 'रीड' किंवा 'पोल'मध्ये उभा असलेला काटा-रीड त्यांना गुन्हेगार वाटतो. तो बिचारा गाडी काट्यावर यायची वाट बघतोय, त्याची जागाच ती. संशय घ्यायचा तो 'एलएलएल_लॉक_वेट'मध्ये उभ्या असलेल्यांवर. समजा तिथे दोघे आहेत, ४८२१ पावती-प्रिंट आणि ४८२३ डीबी-राइट.

'थ्रेड फाइंड'ला नाव दिलं की अनुक्रमांक मिळतो. पावती-प्रिंटवर जायचं, बीटीमध्ये आपल्या फंक्शनच्या फ्रेमवर, म्हणजे त्या साखळीतल्या कडीवर, यायचं आणि ज्या म्युटेक्ससाठी तो थांबलाय त्याच्या आतला 'डेटा'मधला 'ओनर' छापायचा. एसटीडी म्युटेक्स असेल तर आधी 'एम_म्युटेक्स'मधून आत शिरावं लागतं. उत्तर ४८२३ आलं, म्हणजे कुलूप डीबी-राइटकडे. आता त्याच्या फ्रेमवर जाऊन तेच करायचं. उत्तर ४८२१ आलं की गाठ सापडली. पावती छापणाऱ्याने छपाईच्या रांगेचं कुलूप धरलंय आणि त्याला डेटाबेसचं हवंय, डेटाबेसवाल्याने डेटाबेसचं धरलंय आणि त्याला रांगेचं हवंय. दोघांनी दोन्ही कुलुपं एकाच क्रमाने घेतली की हा दोष कायमचा जातो. सी++१७ असेल तर 'स्कोप्ड_लॉक'ला दोन्ही म्युटेक्स एकदम द्यावेत.

हे जमायला प्रोग्रॅम '-जी' लावून बांधलेला, म्हणजे कंपाइल केलेला, हवा. त्याने डीबगरला लागणारी फंक्शन आणि ओळींची माहिती, म्हणजे चिन्हं, प्रोग्रॅममध्ये राहतात. ग्राहकाकडे चिन्हं काढून टाकलेली प्रत द्यायला हरकत नाही, पण त्याच बांधणीची चिन्हांसकट प्रत पुरवठादाराकडे जपलेली पाहिजे. पुन्हा बांधून काढलेली 'तशीच' प्रत चालेलच याची खात्री नसते.

चालू प्रोग्रॅम न मारता 'जीकोअर'ने त्याच्या स्मृतीची फाइलही, म्हणजे कोअर फाइल, काढता येते. मात्र लिनक्सच्या कोअर फाइलमध्ये थ्रेडची नावं येत नाहीत, फक्त क्रमांक येतात. म्हणून कोअर काढण्याआधी 'पीएस -टी -पी' या आज्ञेची यादी, यातला टी कॅपिटल, शेजारी ठेवून द्यावी. प्रोग्रॅम स्वतःच कोसळला तर यादी काढायलाही वेळ नसतो. त्यासाठी प्रोग्रॅममध्येच एक छोटा ग्लोबल तक्ता ठेवावा, क्रमांक आणि नाव असा, आणि नाव देणाऱ्या फंक्शननेच त्यात नोंद करावी. कोअर उघडला की एका 'प्रिंट'मध्ये सगळा तक्ता समोर येतो, आणि त्यातल्या नावाला १५ बाइटचं बंधन नाही. तिथे 'सोलापूर' खुशाल लिहा.

जावामध्ये हे बरंच सोपं आहे, तरी लोक आळस करतात. नाव न दिलेले थ्रेड 'थ्रेड-०', 'थ्रेड-१' असे येतात आणि पूलमधले, म्हणजे कामासाठी तयार ठेवलेल्या थ्रेडच्या गटातले, 'पूल-१-थ्रेड-३' असे. पाच पूल असले तर कुठला पूल कशाचा, ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. पूल बनवताना स्वतःची थ्रेड फॅक्टरी द्यावी, दहा ओळींचं काम आहे. अडकल्यावर जावासोबत येणाऱ्या 'जेस्टॅक'चा किंवा 'जेसीएमडी'च्या 'थ्रेड डॉट प्रिंट'चा डंप, म्हणजे सगळे थ्रेड कुठे उभे आहेत त्याची नोंद, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीनदा घ्यावा. एकाच डंपवरून थ्रेड अडकलाय की नुसता कामात आहे ते कळत नाही, तिन्ही वेळा त्याच ओळीवर असेल तर अडकलाय. 'सिंक्रोनाइज्ड'च्या कुलुपांची गाठ असेल तर जेस्टॅक शेवटी ती दोन्ही नावांसकट छापून देतो. 'टॉप'मधला क्रमांक डंपमध्ये 'एनआयडी' म्हणून दिसतो. जुन्या आवृत्त्यांत तो हेक्समध्ये, म्हणजे १६च्या पायावर, असतो, म्हणजे ४८२१ शोधायचा तर १२डी५ बघायचं. जावा २१मधल्या व्हर्च्युअल थ्रेडना मात्र मुळात नावच नसतं आणि जेस्टॅक ते दाखवतही नाही. त्यांच्यासाठी 'जेसीएमडी'चं 'थ्रेड डॉट डंप_टू_फाइल' आहे, आणि नाव ते बनवतानाच देऊन टाकावं.

पूलमधल्या थ्रेडला काम करता करता नाव बदलून द्यायची एक युक्ती आहे. 'पावती-२' या थ्रेडचं नाव पावती क्रमांक जोडून तात्पुरतं बदलायचं, म्हणजे डंपमध्ये कुठल्या गाडीवर अडकलं ते थेट वाचता येतं. काम संपल्यावर 'फायनली'मध्ये मूळ नाव परत ठेवलंच पाहिजे. ते राहिलं तर सकाळी निघून गेलेल्या गाडीचं नाव संध्याकाळपर्यंत त्या थ्रेडला चिकटून बसतं आणि शोधणारा भलत्याच पावतीमागे धावतो.

पायथनबद्दल दोनच गोष्टी. ३.१० पासून नाव न दिलेल्या थ्रेडच्या नावात फंक्शनचं नाव आपोआप येतं, आणि 'थ्रेडपूलएक्झिक्युटर'ला नावाचा उपसर्ग ३.६ पासून देता येतो. पण ३.१४च्या आधी पायथनमधलं नाव ऑपरेटिंग सिस्टमपर्यंत पोहोचतच नाही. 'टॉप'मध्ये नाव दिसलं नाही म्हणून कोड चुकला असं समजू नये, 'पाय-स्पाय' या साधनाने डंप घ्यावा. असिंक, म्हणजे एकाची वाट बघताना दुसरं काम हाती घेणाऱ्या, कोडमध्ये तर शेकडो कामं एकाच थ्रेडवर चालतात. तिथे थ्रेडचं नाव काहीच सांगत नाही, टास्कलाच नाव द्यावं. ३.८ पासून तशी सोय आहे.

काउंटरवरचे बहुतेक प्रोग्रॅम विंडोजवर चालतात, तेव्हा तेही सांगितलं पाहिजे. पूर्वी थ्रेडला नाव द्यायला एक खास एक्सेप्शन फेकावा लागे, आणि त्या क्षणी डीबगर जोडलेला असेल तरच नाव टिकायचं. विंडोज १०च्या १६०७ आवृत्तीपासून 'सेटथ्रेडडिस्क्रिप्शन' आलं. हे नाव थ्रेडला कायम चिकटतं, डीबगर नंतर जोडला तरी दिसतं. इथे १५ बाइटची अडचण नाही, मराठी नावही चालतं. व्हिज्युअल स्टुडिओत कंट्रोल-ऑल्ट-एच दाबलं की थ्रेड्सची खिडकी उघडते. तरी जुन्या पद्धतीचा कोड अजून सर्रास कॉपी केला जातो. तो काढून टाकावा.

काउंटरवरच्या माणसाला यातलं काही शिकायची गरज नाही. प्रोग्रॅम गोठला की टास्क मॅनेजर उघडायचा, डिटेल्समध्ये त्या प्रोग्रॅमवर उजवं क्लिक करायचं आणि डंप फाइल बनवायला सांगायचं. फाइल कुठे ठेवली तेही तो दाखवतो. एवढं झालं की मग खुशाल बंद करून चालू करावं. प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर डंपसाठी टास्क मॅनेजरही ३२ बिटचा लागतो, तो विंडोजच्या सिसवाऊ६४ फोल्डरमध्ये असतो. डंप फाइलमध्ये प्रोग्रॅमची सगळी स्मृती असते, म्हणजे शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, कदाचित पासवर्डसुद्धा. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये, पेनड्राइव्हवर हातात द्यावी.

डीबगर जोडला की दोषच गायब होतो, असंही बऱ्याचदा घडतं, कारण वेळांचं गणित बदलतं. तिथे लॉगच उपयोगी पडतो. प्रत्येक ओळीत मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ, थ्रेडचं नाव आणि क्रमांक हवा. जावाच्या लॉगफोरजे किंवा लॉगबॅक या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररींमध्ये नावासाठी '%टी' आहे. नावाचा रकाना १५ अक्षरांचा ठरवून टाकला की ओळी एकाखाली एक सरळ बसतात आणि एखादा थ्रेड बोलायचा थांबला तर डोळ्यांनीच दिसतं. नाव द्यायला एकच सिस्टम कॉल लागतो, त्यामुळे 'वेग कमी होईल' ही सबब कुणी सांगू नये.

आता मागण्या. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टमच्या प्रात्यक्षिकात दोन बिननावाचे थ्रेड आळीपाळीने आकडे छापतात, आणि जर्नलवर सही होते. त्याऐवजी परीक्षकांनी मुद्दाम गाठ बसवलेला सहा थ्रेडचा प्रोग्रॅम द्यावा आणि कुठल्या दोन थ्रेडनी एकमेकांना अडवलंय ते वीस मिनिटांत नावासकट विचारावं. मुलांच्या प्रोजेक्टमध्येही नाव नसलेला एक जरी थ्रेड दिसला तरी गुण कापावेत.

कारखाने, आडते आणि पतसंस्था दरवर्षी देखभालीचे करार करतात, त्यात तीन ओळी वाढवाव्यात. लॉगच्या प्रत्येक ओळीत थ्रेडचं नाव असेल. बसवलेल्या प्रत्येक आवृत्तीची चिन्हांसकट प्रत पुरवठादार करार संपेपर्यंत जपेल. आणि प्रोग्रॅम गोठल्याच्या तक्रारीवर डंप न घेता तो बंद करायला सांगितलं, तर ती तक्रार सुटली असं धरलं जाणार नाही. डंप कसा घ्यायचा त्याच्या चार ओळी छापून काट्याच्या खोलीत, प्रिंटरच्या वर चिकटवाव्यात. रात्रपाळीला पुरवठादाराचा फोन लागत नाही.

आपले,
सोलापुरातील काही प्रोग्रॅमर